श्रीरंगपट्टण : एका दिवसाचे बेट

बेंगळुरूच्या मराठी कुटुंबांत श्रीरंगपट्टणची सहल हा एक रुळलेला परिपाठ आहे. नोकरीच्या निमित्ताने नव्याने आलेले दांपत्य असो, वा दोन-तीन पिढ्यांपासून येथे स्थायिक झालेले घर असो, सुटीच्या दिवशी सकाळी निघावे, रामनगर आणि चन्नपट्टण मागे टाकावे, मद्दूरला वडा खावा, मंड्याच्या परिसरातील उसाचे मळे ओलांडून कावेरीच्या पुलावर यावे आणि दिवेलागणीनंतर घरी परतावे, असा हा जेमतेम सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास असतो. एका दिवसात पाहून होणारे बेट अशी श्रीरंगपट्टणची ख्याती आहे. ज्या बेटाशी मराठ्यांचा संबंध दीड शतकाहून अधिक काळ येत राहिला, ते एका दिवसात कितपत दिसते, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे.

कावेरीचा प्रवाह येथे दुभंगतो आणि काही अंतरावर पुन्हा एक होतो. मधल्या सुमारे पाच किलोमीटर लांबीच्या भूभागाच्या पश्चिम टोकास किल्ला आहे, तर पूर्व टोकास संगम. बेंगळुरूहून म्हैसूरला जाणारा लोहमार्ग थेट किल्ल्यातूनच जातो. हा मार्ग दुहेरी करताना वाटेत येणारे टिपूच्या काळातील एक दारूकोठार २०१७ मध्ये अखंड उचलून काही अंतरावर हलविण्यात आले. किल्ल्यात श्रीरंगनाथाचे मंदिर आहे. कावेरीकाठच्या तीन रंगक्षेत्रांपैकी हे आदिरंग; शिवनसमुद्र हे मध्यरंग आणि तमिळनाडूतील श्रीरंगम् हे अंत्यरंग. मंदिरापासून थोड्या अंतरावर दोन मिनारांची मशीद, कर्नल बेली ज्या तळघरात कैदेत होता असे सांगतात ते तळघर, आणि नदीकडे उघडणारे जलद्वार आहे. किल्ल्याबाहेर दरिया दौलत हा १७८४ मधील उद्यानमहाल आणि त्यापलीकडे हैदर, त्याची पत्नी व टिपू यांच्या कबरींचा गुंबज आहे. प्रवाशाचा दिवस या क्रमाने जातो आणि त्या दिवसाला एकाच तारखेचे केंद्र लाभलेले असते : ४ मे १७९९. त्या दिवशी दुपारी इंग्रजी फौज तटाच्या खिंडारातून आत शिरली आणि जलद्वाराच्या परिसरात लढताना टिपू मारला गेला.

याच ठिकाणी उभ्या असलेल्या एखाद्या दांपत्यातील पत्नीने सहज विचारावे, "अहो, पेशवे कुठं होते तेव्हा?" प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर कोणत्या वर्षाविषयी द्यावयाचे, यावर सारे अवलंबून आहे. १७९९ विषयी द्यायचे तर पेशवे पुण्यात होते आणि त्यांची फौज या बेटावर आली नव्हती. १७९२ विषयी द्यायचे तर ती फौज येथेच, इंग्रजांच्या बाजूने होती. वाटाड्याच्या कथनात पहिले वर्ष असते. दुसरे सहसा नसते.

वस्तुतः हा संबंध त्याहूनही जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बेंगळुरू घेतले, तेव्हा त्या मोहिमेत शहाजीराजे होते. पुढे हा प्रदेश त्यांच्या जहागिरीत आला. पाठोपाठ विजापूरच्या फौजेने श्रीरंगपट्टणवर केलेली चाल कंठीरव नरसराज वडियार याने परतवून लावली. शहाजीराजांच्या बेंगळुरूतील दरबाराचे चित्र जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात सापडते, आणि तो ग्रंथ १९२२ मध्ये राजवाड्यांनी प्रसिद्ध केला, हे साहित्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. १६६४ मध्ये शहाजीराजांचा मृत्यू झाला तोही कर्नाटकातच, चन्नगिरीजवळच्या होदिगेरे येथे. शतकभरानंतर, थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत, १७७१ च्या मार्चमध्ये त्रिंबकराव पेठे यांनी मेलुकोट्याजवळच्या चिनकुरळी येथे हैदरअलीचा दारुण पराभव केला आणि खुद्द श्रीरंगपट्टणला वेढा घातला. किल्ला मात्र पडला नाही. मराठ्यांच्या दृष्टीने म्हैसूर हे खंडणी वसूल करण्याचे, कधी लढण्याचे तर कधी सख्य जोडण्याचे शेजारी राज्य होते.

यांपैकी सख्याची खूण दरिया दौलतच्या पश्चिम भिंतीवर आहे. १७८० मध्ये पोल्लिलूर येथे हैदर व टिपू यांनी बेलीच्या इंग्रजी फौजेचा जो धुव्वा उडविला, त्याचे भव्य चित्र तेथे रंगविलेले आहे. मेण्यात बसलेला जखमी बेली, त्याच्याभोवती कोंडलेली लाल डगल्यांची फौज आणि चौफेर चालून येणारे घोडेस्वार मोठ्या बारकाईने दाखविले आहेत. ज्या वर्षीचा हा प्रसंग, त्याच वर्षी नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम आणि मराठे यांची एकजूट जुळवून आणली होती. या भिंतीवरील विजय पुण्याच्या मित्राचा होता. ते सख्य १७८२ च्या सालबाईच्या तहापुरतेच टिकले आणि दहा वर्षांच्या आत चित्र पालटले.

१ जून १७९० रोजी पुण्यात कंपनी सरकार आणि पेशवे यांच्यात टिपूविरुद्ध करार झाला. निजामही त्यात सामील झाला. परशुरामभाऊ पटवर्धन यांनी धारवाडच्या किल्ल्याला घातलेला वेढा सुमारे सहा महिने चालला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला हाती आला. त्याआधी मार्चमध्ये कॉर्नवॉलिसने बेंगळुरूचा किल्ला घेतला होता. मे महिन्यात तो श्रीरंगपट्टणजवळ पोहोचला आणि तेथील लढाईत त्याची सरशीही झाली. पण त्याचे बैल मरत होते, अन्नधान्य संपले होते आणि पावसाळा तोंडावर आला होता. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्याच हातांनी निकामी करून तो मागे फिरला. अशा अवस्थेत मेलुकोट्याच्या परिसरात त्याची गाठ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजेशी पडली. मराठ्यांच्या लष्करासोबत त्यांचा बाजार चाले. भाव चढे असले तरी त्या बाजारात धान्य होते, आणि उपाशी इंग्रजी फौज त्यावर तगली. परशुरामभाऊंच्या सैन्याबरोबर असलेल्या कॅप्टन लिटलच्या तुकडीतील एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने १७९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात मराठी लष्कराचे चित्र रेखाटले आहे. मराठी बाजूची हकीकत वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून संपादिलेल्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'तील पटवर्धनी पत्रांत विखुरलेली आहे.

पुढच्या फेब्रुवारीत बेटावर रात्रीचा हल्ला झाला आणि मार्च १७९२ मध्ये तह झाला. टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांची खंडणी ठरली आणि त्याचे दोन लहान मुलगे ओलीस म्हणून इंग्रजांच्या छावणीत गेले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला जाऊन भिडली. टिपूचा समूळ उच्छेद होऊ नये, असा हरिपंतांचा कल होता, हे मराठी इतिहासकारांनी नोंदविले आहे. म्हैसूरची सत्ता अजिबात नाहीशी झाली तर दक्षिणेत इंग्रजांना तोल राहणार नाही, हे पुण्याच्या मुत्सद्द्यांना कळत नव्हते असे म्हणता येत नाही. त्यांना कळत होते. तरीही वाटा घेतला गेला.

याच मोहिमेत, १७९१ मध्ये, पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती हलविली गेली, माणसे मारली गेली. स्वामींनी साहाय्य मागितले ते टिपूकडे. टिपूने कन्नडमधून उत्तरे लिहून द्रव्य व धान्य पुरविले आणि मूर्तीच्या पुनःस्थापनेस मदत केली. या पत्रांचा गठ्ठा म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना १९१६ मध्ये मिळाला. याच टिपूने कोडगू आणि मलबारात केलेली सक्तीची धर्मांतरे व स्थलांतरे हीदेखील इतिहासाचाच भाग आहेत. २०१५ पासून काही वर्षे कर्नाटकात टिपूच्या शासकीय जयंतीवरून जो वाद पेटला, त्यात प्रत्येक पक्षाने आपल्याला सोयीचे तेवढेच पान उघडले. मराठी वाचकास तेवढ्यावर थांबता येत नाही. शृंगेरीच्या पानावर त्याच्याच माणसांची नावे आहेत, आणि ती आक्रमक म्हणून आहेत.

येथे मराठी स्मृतीच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष द्यावयास हवे. पानिपतावर मराठीत बखर लिहिली गेली, नाटके झाली, कादंबऱ्या झाल्या. तो पराभव घराघरांतल्या म्हणींत आणि वाक्प्रचारांत मुरला. श्रीरंगपट्टणचा १७९२ चा विजय मात्र क्रमिक पुस्तकातील एका ओळीच्या पलीकडे फारसा गेला नाही. पराभवात रक्त सांडले होते आणि शोक निर्मळ होता. या विजयात रक्त थोडे, हिशेब फार होता, आणि त्याचा अभिमान कोणत्या शब्दांत मिरवावा हे उमगत नव्हते. उलट इंग्रजी साहित्याने हे बेट आपलेसे केले. विल्की कॉलिन्सच्या 'द मूनस्टोन' या १८६८ च्या कादंबरीचा आरंभच १७९९ च्या हल्ल्यातील लुटीपासून होतो. जेत्याने आपला विजय सांगितला, पराभूताच्या कथा कन्नड मुलुखात लोकांच्या ओठांवर राहिल्या. जेत्याचा जो भागीदार होता, त्याच्यापाशी सांगण्याजोगी गोष्ट उरली नाही.

गोष्ट उरली नाही, तरी परिणाम उरला. १७९८ च्या जूनमध्ये इजिप्तच्या वाटेवर असलेल्या नेपोलियनने भूमध्य समुद्रातील माल्टा हे बेट घेतले. १५६५ चा मोठा वेढा परतविणाऱ्या संघाने या वेळी जवळजवळ न लढताच शरणागती पत्करली. फ्रेंच पूर्वेकडे सरकत आहेत आणि टिपूने मॉरिशसमार्फत त्यांच्याशी संधान बांधले आहे, हे गव्हर्नर जनरल वेलस्ली याला युद्धासाठी पुरेसे कारण झाले. या वेळी पेशवे अलिप्त राहिले आणि विजयानंतर अटींसह देऊ केलेला मुलूखही त्यांनी नाकारला. पण तोल तोपर्यंत ढळला होता. पडलेल्या श्रीरंगपट्टणचा अंमल गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली याच्याकडे आला आणि त्याने काही काळ मुक्काम केला तो दरिया दौलतमध्ये, पोल्लिलूरच्या त्याच चित्राच्या सान्निध्यात. बेटावरील कैदेतून सुटलेल्या धोंडजी वाघ या मराठी बंडखोराचा पाठलाग करून १८०० च्या सप्टेंबरमध्ये त्याने त्याला ठार केले. त्या पाठलागात त्याला तुंगभद्रेपलीकडचा मराठी मुलूख, तेथील नद्यांचे उतार आणि रसदीचे मार्ग पाठ झाले. १८०२ अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला. १८०३ च्या आरंभी वेलस्ली म्हैसूरच्या आधाराने उत्तरेकडे निघाला, एप्रिलमध्ये पुण्यात पोहोचला, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. १७९१ मध्ये जी इंग्रजी फौज मराठ्यांच्या बाजारातील धान्यावर जगली होती, तिच्या वारसांना बारा वर्षांनी मराठ्यांवर चालून जाण्यासाठी तळ मिळाला तो त्या युद्धात खिळखिळ्या झालेल्या राज्यात. पुढे पोल्लिलूरचे झिजलेले चित्र नव्याने रंगवून घेतले ते सातारा खालसा करणाऱ्या डलहौसीने, यातील उपरोध इतिहासानेच घडविलेला आहे.

म्हणूनच श्रीरंगपट्टण पाहणाऱ्या मराठी माणसाला तेथे परक्याचा इतिहास पाहतो असे मानण्याची सोय नाही. या बेटावर त्याचे पूर्वज पाहुणे म्हणून, शत्रू म्हणून आणि वाटेकरी म्हणून आले. यांतील तिसरी भूमिका सर्वांत कमी गौरवाची आणि सर्वांत अधिक शिकविणारी आहे. टिपूला केवळ वीर वा केवळ जुलमी ठरविल्याने ती भूमिका झाकली जाते. शेजाऱ्याचे घर पाडण्यात हात दिल्यावर आपल्या भिंतीला आधार राहत नाही, हा धडा कोणत्याही फलकावर लिहिलेला नाही. तो खरेशास्त्र्यांच्या खंडांत, शृंगेरीच्या पत्रांत आणि असईच्या रणांगणावर विखुरलेला आहे. ही तिन्ही एकत्र वाचणाऱ्या अभ्यासकालाच हे बेट पुरते दिसेल.