हायब्रिड क्लब : बदलण्याचा काळ आणि कारणे

हायब्रिड क्लब हा गोल्फमधील फेअरवे वूड आणि लांब आयर्न यांच्या मधला प्रकार. त्याचे हेड वूडसारखे पोकळ आणि मागे पसरट, पण आकाराने लहान असते. शाफ्टची लांबी आयर्नकडे झुकणारी, म्हणजे 3 क्रमांकाच्या हायब्रिडला साधारण 40 इंचांच्या आसपास असते. हेड पोकळ असल्यामुळे वजन तळाशी आणि मागच्या बाजूला नेता येते, गुरुत्वमध्य खाली उतरतो आणि चेंडू फारसा जोर न लावता वर उठतो. रफमधल्या दाट गवतातून चेंडू काढून तो पावणेदोनशे-दोनशे यार्डांवर नेणे हौशी खेळाडूला 3 किंवा 4 आयर्नने सहसा जमत नाही, हायब्रिडने जमते. बहुतेक बॅगांत असे एक किंवा दोन क्लब असतात.

तो किती काळाने बदलावा, याचे एकच उत्तर नाही. दुकानांत आणि प्रशिक्षकांकडून सर्रास तीन ते पाच वर्षे असे सांगितले जाते. तरीही दहा-बारा वर्षांचा हायब्रिड समाधानाने वापरणारे खेळाडू जवळपास प्रत्येक क्लबात सापडतात. याचे कारण असे की झिजल्यामुळे हायब्रिड बदलण्याची वेळ क्वचितच येते. त्याच्या शेजारचे क्लब बदलतात किंवा खेळणाऱ्याचे शरीर बदलते, आणि मग त्याची जागा हलते. म्हणून त्याचे वय वर्षांत मोजण्यापेक्षा शेजारच्या क्लबांशी असलेल्या यार्डांच्या अंतरात मोजणे जास्त खरे.

पूर्वपीठिका. हायब्रिडच्या कल्पनेचा एक जुना अवतार म्हणजे कोब्रा कंपनीचा 1975 मधील ‘बॅफलर’. त्याच्या तळाला दोन समांतर पट्ट्या होत्या आणि त्या गवतातून वाट काढत. हायब्रिड हे नाव आणि त्याचे आजचे रूप रूढ झाले ते 2000 नंतर, टेलरमेडच्या ‘रेस्क्यू’ मालिकेच्या काळात. व्यावसायिकांनी सुरुवातीला त्याकडे म्हाताऱ्यांचा क्लब म्हणून पाहिले. 2004 मध्ये रॉयल ट्रूनच्या ओपन स्पर्धेत टॉड हॅमिल्टनने प्लेऑफच्या शेवटच्या होलवर ग्रीनच्या अलीकडून हायब्रिडनेच चेंडू जमिनीलगत सरपटवला, तो होलच्या अगदी जवळ नेला आणि अर्नी एल्सला हरवले.

त्याहून मोठा क्षण 2009 चा. हेझल्टाइन नॅशनलवर पीजीए चॅम्पियनशिपच्या शेवटच्या होलवर दक्षिण कोरियाचा वाय. ई. यांग टायगर वूड्सच्या एका फटक्याने पुढे होता. तोवर चौपन्न होलनंतर आघाडीवर असलेला वूड्स मेजर स्पर्धेत एकदाही हरला नव्हता. यांगच्या पुढे 206 यार्ड होते, वाटेत झाड होते आणि ग्रीनच्या तोंडाशी बंकर. लांब आयर्नने तो चेंडू उंच नेऊन ग्रीनवर थांबवणे फार थोड्यांना साधले असते. यांगने 3 हायब्रिड काढला, चेंडू झाडावरून घातला आणि होलच्या जवळ उतरवला. बर्डी करून तो तीन फटक्यांनी जिंकला, आशियात जन्मलेला पहिला पुरुष मेजर विजेता ठरला आणि आनंदाने अख्खी बॅग डोक्यावर उचलून उभा राहिला. त्यानंतर हायब्रिडला कमी लेखणे अवघड झाले.

कंपन्यांचे चक्र. नवे मॉडेल येण्याचा वेग आणि क्लब निकामी होण्याचा वेग यांचा एकमेकांशी संबंध नाही. टेलरमेडने 2020 मध्ये सिम, 2021 मध्ये सिम 2, 2022 मध्ये स्टेल्थ, 2023 मध्ये स्टेल्थ 2 आणि 2024 मध्ये क्यूआय 10 अशी दरवर्षी नवी मालिका आणली. पिंग आणि टायटलिस्ट यांचे चक्र साधारण दोन वर्षांचे. पिंगची जी 400, जी 410, जी 425 ही मॉडेले 2017, 2019 आणि 2021 मध्ये आली. यातली प्रत्येक पिढी घेणारा खेळाडू विरळा, आणि त्याची गरजही नाही. क्लबच्या फेसची स्प्रिंगसारखी उसळी किती असावी यावर यूएसजीए आणि आर अँड ए या नियामक संस्थांनी मर्यादा घातली आहे. त्यामुळे एका पिढीतून पुढच्या पिढीत नेमक्या मध्यावर बसलेल्या फटक्याचे अंतर फारसे वाढत नाही. खरी सुधारणा होते ती चुकलेल्या फटक्यात: पातळ फेस, तळातली खाच आणि आत बसवलेले टंगस्टन यांमुळे फेसच्या खालच्या कडेला किंवा टोकाला लागलेला चेंडू पूर्वीपेक्षा कमी मार खातो. हा फरक लागोपाठच्या दोन मॉडेलांत जाणवत नाही. सात-आठ वर्षांचा क्लब आणि नवा क्लब शेजारी ठेवून मारले तर जाणवतो.

शेजारचे क्लब. हायब्रिड बदलण्याचे सर्वांत ठोस कारण नव्या आयर्नच्या संचातून येते, आणि तेच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. पूर्वी 7 आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, 34-35 अंश असे. आता हौशी खेळाडूंसाठीच्या अनेक संचांत तो 28 ते 30 अंशांवर आला आहे. त्यामुळे संचातला 5 आयर्न बावीस अंशांच्या आसपास येतो. ज्या खेळाडूने जुन्या संचाबरोबर 22 अंशांचा 4 हायब्रिड घेतलेला असतो, त्याच्या बॅगेत नवा संच आल्यावर जवळपास सारख्याच लॉफ्टचे दोन क्लब राहतात. हायब्रिडचा शाफ्ट लांब आणि गुरुत्वमध्य खाली असल्याने दोघांचे अंतर अगदी एक होत नाही, चेंडूची उंचीही वेगळी राहते. पण पंधरा यार्डांची पायरी असायला हवी तिथे पाच यार्डांची उरते. 1938 मध्ये यूएसजीएने आणि पुढच्या वर्षी आर अँड एने बॅगेतल्या क्लबांची कमाल संख्या 14 ठरवली. चौदातला एक असा दुहेरी खर्ची पडणे परवडणारे नाही.

हे तपासायचे असेल तर रेंजवर जाऊन सर्वांत लांब आयर्न, हायब्रिड आणि फेअरवे वूड हे तिन्ही क्लब एकाच बैठकीत, एकाच प्रकारच्या चेंडूने मारावेत. लाँच मॉनिटर असेल तर चेंडू हवेत किती जातो तेवढेच टिपावे. जमिनीवर घरंगळत गेलेले अंतर धरू नये. सर्वांत चांगला फटका बाजूला ठेवावा आणि नेहमीचा फटका पाहावा. क्लबागणिक दहा ते पंधरा यार्डांचे अंतर पडत असेल तर हायब्रिड कितीही जुना असो, तो जागेवर आहे. पडत नसेल तर गेल्या वर्षी घेतलेला हायब्रिडही चुकीचा आहे. क्रमांकावर मात्र विसंबू नये: 4 क्रमांकाचा हायब्रिड एका कंपनीत 21 अंशांचा, दुसरीत 23 अंशांचा असू शकतो.

शरीर आणि वय. वय वाढते तसा स्विंगचा वेग उतरतो आणि चेंडू वर उठवणे कठीण होते. मग आधी 3 आयर्न जातो, मग 4 आणि 5, आणि त्यांच्या जागी हायब्रिड येतात. पुढे एक टप्पा असा येतो की कमी लॉफ्टचा हायब्रिडही पुरेसा उंच जात नाही. तिथे 7 वूड किंवा 9 वूड जास्त उपयोगी ठरतो, कारण त्याचे हेड मोठे आणि गुरुत्वमध्य आणखी मागे असतो. हा बदल केवळ वृद्धांचा नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये झालेली मास्टर्स स्पर्धा 268 फटक्यांच्या विक्रमासह जिंकणाऱ्या डस्टिन जॉन्सनच्या बॅगेत 7 वूड होता, आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक हायब्रिडांची जागा याच क्लबने घेतली. उलट दिशेने, वेगवान स्विंगचा तरुण खेळाडू हायब्रिड सोडून ड्रायव्हिंग आयर्नकडे वळतो, कारण त्याला वाऱ्याखालून जाणारा कमी उंचीचा चेंडू हवा असतो.

महिला व्यावसायिकांत हायब्रिड कायमचा आधार आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली बंगळूरची अदिती अशोक ड्रायव्हरच्या अंतरात स्पर्धेतल्या मागच्या खेळाडूंमध्ये होती. इतरजणी छोटे आयर्न घेऊन जिथून ग्रीन गाठत, तिथे तिला कितीदा तरी लांब क्लब काढावे लागले. अशा खेळाडूसाठी या जागचा क्लब बदलणे हा मोठा निर्णय असतो. हातात बसलेला हायब्रिड ती नव्या मॉडेलसाठी सहजी सोडणार नाही, आणि सोडूही नये.

डावीकडे जाणारा चेंडू. उजव्या हाताने खेळणारे अनेकजण हायब्रिड टाकून देतात ते चेंडू डावीकडे वळतो म्हणून. बऱ्याच हायब्रिडांचा लाय अँगल, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, जास्त उभा असतो, फेस किंचित मागे बसवलेला असतो, वजनही टाचेकडे असते. चेंडू उजवीकडे निसटणाऱ्या नवख्यांना सोयीचे जावे म्हणून ही रचना. चांगल्या खेळाडूला तीच नडते. त्यात भर पडते ती आयर्नच्या स्टील शाफ्टच्या मानाने फारच हलक्या ग्राफाइट शाफ्टची. या तक्रारीवर नवा क्लब हा पहिला उपाय नव्हे. वजनदार शाफ्ट बसवणे किंवा हॉझल (शाफ्ट हेडला जोडणारी नळी) फिरवता येत असेल तर लाय सपाट करणे, यांनी बहुतेकदा काम भागते. चेंडू कुठे ठेवला आहे तेही पाहावे: तो आयर्नसारखाच, स्टान्सच्या मध्यापासून किंचित पुढे हवा आणि फटका वरून खाली यायला हवा. ड्रायव्हरसारखा झाडून मारला तर कोणताही हायब्रिड फसवतो.

झीज आणि निगा. हेड पोलादाचे असते आणि हौशी वेगाने मारणाऱ्याकडून त्याचा फेस तडकणे दुर्मीळ. तळावरचे ओरखडे दिसायला वाईट असले तरी खेळाला बाधक नाहीत. फेसवरच्या खाचा बोथट झाल्या तर वेजसारखे नुकसान होत नाही, कारण एवढ्या कमी लॉफ्टला चेंडूची फिरकी खाचांवर तेवढी अवलंबून नसते. मात्र ओल्या गवतात त्या स्वच्छ असाव्यात.

लक्ष द्यायचे ते शाफ्टकडे. हायब्रिडचे कव्हर सर्वांत आधी हरवते, आणि मग कार्टमधून फिरताना आयर्नची हेडे त्याच्या ग्राफाइटवर आपटत राहतात. बॅगेच्या काठाशी घासून शाफ्टवर एक फिकट कडे उमटते. नखाने चाचपल्यावर तिथे रंगाखालचे धागे लागले तर तो शाफ्ट बदलावा, कारण फटक्याच्या मध्येच तो मोडू शकतो. हेड आणि शाफ्ट जिथे मिळतात तिथली काळी प्लास्टिकची टोपी, म्हणजे फेरुल, वर सरकली असेल तर आतला इपॉक्सी सैल झाल्याची ती खूण असू शकते. हेड हलवल्यावर खडखड आवाज आला तर आतला गोंदाचा तुकडा सुटला असण्याची शक्यता जास्त. तो काढता येतो.

महाराष्ट्रात इपॉक्सीचा खरा शत्रू एप्रिल-मेची उष्णता. येरवड्याचा पूना गोल्फ क्लब असो की चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, सकाळचा खेळ आटोपून बॅग गाडीच्या डिकीत टाकली आणि गाडी दिवसभर ऑफिसबाहेर उन्हात राहिली, की गोंदाची पकड हळूहळू जाते. पावसाळ्यात ओले कव्हर तसेच चढवून ठेवले तर खाचांत गंज धरतो. ग्रिप ही सर्वांत लवकर संपणारी वस्तू; वर्षातून एकदा किंवा सुमारे चाळीस फेऱ्यांनंतर ती बदलावी असा रूढ सल्ला आहे, आणि इथल्या घामाच्या हवामानात तो पाळावाच. गुळगुळीत झालेल्या ग्रिपमुळे मूठ आवळली जाते, फटका बिघडतो आणि दोष क्लबला दिला जातो. नवी ग्रिप चढवल्यावर जुना हायब्रिड पुन्हा आवडू लागल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

खरेदी. भारतात नामवंत कंपन्यांचे क्लब आयात होऊन येतात आणि महाग पडतात, म्हणून इथे बदलण्याचा वेग अमेरिकेपेक्षा मंद असणे स्वाभाविक आहे. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून मागवलेले वापरलेले क्लब मराठी घरांतही दिसतात. हायब्रिडच्या बाबतीत हा व्यवहार चांगला ठरतो, कारण नवे मॉडेल आले की आधीच्याची किंमत झपाट्याने उतरते आणि गुण तेवढेच राहतात. एक-दोन पिढ्या जुना, शाफ्ट धड असलेला हायब्रिड घेऊन उरलेल्या पैशांत फिटिंग करून घेणे हा पैशांचा सर्वांत चांगला उपयोग.

फेरीदरम्यान बदल. फेरी सुरू असताना क्लब मोडला तर नियम 4.1 लागू होतो. 2023 च्या सुधारणेनंतर, खेळाडूने रागाने आपटून नुकसान केलेले नसेल तर खराब झालेला क्लब दुरुस्त करता येतो किंवा त्याच्या जागी दुसरा घेता येतो. 14 पेक्षा कमी क्लब घेऊन निघालेल्याला मध्येच एखादा वाढवता येतो, मात्र त्यासाठी खेळ रेंगाळता कामा नये आणि मैदानावर खेळत असलेल्या दुसऱ्या कोणाचा क्लब घेता येत नाही. हॉझल फिरवून लॉफ्ट किंवा लाय बदलण्याची सोय असली तरी फेरी सुरू झाल्यावर ती वापरून त्या क्लबने फटका मारण्यास मनाई आहे. हायब्रिड कोणत्या अंशावर ठेवायचा ते पहिल्या टीवर जाण्याआधीच ठरवावे लागते.