रानटर्की आणि सर्वांचें रान

इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखान नांवाच्या सरदारानें गोव्याहून कांहीं नवलाचे प्राणी बादशहा जहांगीर याच्यासाठीं आणले. त्यांत एक पक्षी असा होता कीं, त्याच्या मानेचा व डोक्याचा रंग सरड्यासारखा क्षणोक्षणीं पालटे. बादशहानें त्याचें वर्णन आपल्या आत्मचरित्रांत नोंदून ठेविलें. चित्रकार उस्ताद मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे. हा पक्षी म्हणजे टर्की. नांवावरून तो तुर्कस्तानचा वाटावा; पण त्याचें मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोंत माणसाळलेला टर्की सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं युरोपांत नेला, आणि तेथून तो जगभर पसरला.

ही पाळीव टर्कीची कथा झाली. त्याचा रानटी भाऊबंद उत्तर अमेरिकेच्या अरण्यांतच राहिला, आणि त्याच्या वांट्यास निराळेंच प्राक्तन आलें. युरोपांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं शेतीसाठीं रानें तोडलीं आणि बाजारासाठीं पक्षी मारले. कनेक्टिकट संस्थानांत १८१३ नंतर रानटर्की दिसेनासा झाला. मॅसॅच्युसेट्समधील अखेरचा पक्षी १८५१ सालीं माउंट टॉम डोंगरावर मारला गेला. युरोपांत शिकारीचें जनावर बहुधा जमीनदाराच्या मालकीचें असे. अमेरिकेंत जो आधीं बंदूक रोखील त्याचें तें, असा व्यवहार पडला. जें कोणाचेंच नाहीं त्याची काळजीही कोणी घेत नाहीं, हा जगाचा अनुभव तेथेंही खरा ठरला.

मिसूरी संस्थानांतील ओझार्क डोंगरांचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील पाइन वृक्षांचीं दाट रानें लांकडाच्या गिरण्यांनीं साफ केलीं. उरलेल्या झुडुपांना लोक दरवर्षीं आग लावीत आणि त्यांत गुरें-डुकरें मोकाट सोडीत. जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यास आसरा उरला नाहीं. अखेरीस १९३६ सालीं मतदारांनीं संस्थानाच्या घटनेंत दुरुस्ती करून वन्य जीवांची व्यवस्था एका स्वतंत्र मंडळाकडे सोंपविली. दुसऱ्याच वर्षीं टर्कीची शिकार बंद झाली. त्याच १९३७ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली, आणि बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्य जीवांच्या संगोपनाकडे वळलें. म्हणजे शिकाऱ्यानेंच शिकारीच्या रक्षणाचा खर्च सोसावयाचा. १९३९ सालीं मध्यवर्ती सरकारनें विकत घेतलेल्या ओसाड जमिनी मिळून मार्क ट्वेन राष्ट्रीय अरण्य जाहीर झालें. आज त्याचा विस्तार सुमारें १५ लाख एकर असून तें सर्व नागरिकांस खुलें आहे.

रान मिळालें, पण पक्षी कोठून आणावयाचे? प्रथम पिंजऱ्यांत वाढविलेले टर्की हजारोंनीं सोडून पाहिले; ते टिकले नाहींत. स्टार्कर लिओपोल्ड या संशोधकानें १९४४ सालीं याचें कारण दाखवून दिलें. पाळीव रक्त मिसळलेल्या पक्ष्यांचा मेंदू लहान होता, विणीचा हंगाम फार लवकर येई, आणि धोक्याच्या वेळीं पिलांस निश्चल बसवून ठेवण्याची रानटी मातेची हुशारी त्यांच्यांत नव्हती. रानटीपणा हा विकत मिळणारा गुण नव्हता. तेव्हां जे थोडे अस्सल रानटी पक्षी उरले होते तेच पकडून नव्या रानांत नेणें भाग होतें. पाणपक्ष्यांसाठीं तोफेसारख्या नळ्यांतून क्षणार्धांत जाळें उडविण्याची युक्ति निघाली होती. ती १९५१ सालीं साउथ कॅरोलिनांत रानटर्कीस लागू पडली. मिसूरींत १९५४ पासून याच रीतीनें पक्षी पकडून निरनिराळ्या भागांत सोडण्यांत आले. १९६० च्या वसंतांत, २३ वर्षांनंतर, तीन दिवसांची शिकार खुली झाली. त्या तीन दिवसांत ९४ पक्षी मिळाले.

वसंतच कां निवडला, यालाही शास्त्र आहे. या ऋतूंत नर पिसारा फुलवून गर्जना करतात. एक नर अनेक माद्यांशीं रत होतो आणि अंडीं उबविण्यांत कसलाच भाग घेत नाहीं. म्हणून समागमाचा भर ओसरल्यावर कांहीं नर मारले तरी पुढील पिढीस फारसा धक्का बसत नाहीं. पहांट होण्यापूर्वींच दोघे मित्र रानांत शिरतात. एक जण घुबडाचा आवाज काढतो. झाडावर झोंपलेला नर त्या आवाजास गर्जून उत्तर देतो आणि आपला ठाव सांगून बसतो. मग एक मित्र बंदूक घेऊन झाडाच्या बुंध्याशीं पाठ टेकतो. दुसरा थोडा मागें बसून लांकडी पेटीच्या घर्षणानें मादीची साद घालतो. साद घालणाऱ्यास त्या दिवशीं बार काढावयास मिळतोच असें नाहीं. पक्ष्याची दृष्टि इतकी तीक्ष्ण कीं, पापणीची हालचालही घात करते. कित्येकदां दोघे रिकाम्या हातांनीं परततात.

सर्वांच्या रानांत आणखी एक पथ्य पाळावें लागतें. झाडीआडून येणारी मादीची साद एखाद्या अनोळखी शिकाऱ्याचीही असूं शकते. म्हणून सादेच्या रोखानें लपतछपत जावयाचें नाहीं, आणि नराच्या डोक्याचे तांबडा, पांढरा व निळा हे रंग अंगावर घालावयाचे नाहींत.

मॅसॅच्युसेट्समध्यें न्यूयॉर्कहून आणलेले ३७ पक्षी १९७२-७३ मध्यें सोडले, आणि १९८० सालीं तेथेंही वसंतांतील शिकार सुरू झाली. मिसूरींत २००४ च्या एका वसंतांत ६०,००० हून अधिक पक्षी शिकाऱ्यांस मिळाले. त्यानंतर मात्र तेथील संख्या उतरली आहे. पिलें पूर्वींच्या प्रमाणांत जगत नाहींत. तेव्हां एकदां वांचविलेला पक्षी कायमचा वांचला असें मानून चालणार नाहीं. जें सर्वांचें आहे तें राखावयाचें तर प्रत्येकानें आपला हात थोडा आंवरावा लागतो, आणि तो प्रत्येक वसंतांत नव्यानें आंवरावा लागतो.