वर्गमुळांचे परंपरित अपूर्णांक

पूर्णवर्ग नसलेल्या नैसर्गिक संख्येच्या वर्गमुळातून क्रमाने पूर्णांक काढत गेल्यास जी रचना मिळते, तिला त्या वर्गमुळाचा परंपरित अपूर्णांक म्हणतात. कृती सोपी आहे: पूर्णांक भाग वेगळा काढावा, उरलेल्या अपूर्णांकाचा व्यस्त घ्यावा आणि हेच पुन्हा करावे. √७ = २.६४५७… यातून २ काढल्यावर पुढचे व्यस्त अनुक्रमे १.५४८५…, १.८२२८…, १.२१५२… आणि ४.६४५७… असे येतात. येथे ०.६४५७… हाच भाग पुन्हा उरतो. म्हणून √७ ची क्रमिका २. १, १, १, ४, १, १, १, ४… अशी होते. दशांश रूपात ज्या संख्येचे अंक कधीही आवर्ती होत नाहीत, तिला येथे चार पूर्णांकांचे आवर्त लाभते. प्रत्येक वर्गमुळाला असे आवर्त असते, हे लाग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले.

आवर्तांच्या लांबीची क्रमिका मात्र विलक्षण लहरी आहे. २ पासून १५ पर्यंत (पूर्णवर्ग वगळून) ती १, २, १, २, ४, २, १, २, २, ५, ४, २ अशी चालते. √६० आणि √६२ यांची आवर्ते प्रत्येकी ४ पदांची, तर मधल्या √६१ चे ११ पदांचे आहे.

या लहरीपणाचा परिणाम क्ष² − नय² = १ या समीकरणात दिसतो. आवर्त संपण्यापूर्वी क्रमिका तोडली की या समीकरणाचे उत्तर देणारा अपूर्णांक हाती येतो. आवर्त विषम लांबीचे असल्यास प्रथम उजवीकडे −१ येते. न = ६० साठी क्ष = ३१, य = ४ आणि न = ६२ साठी क्ष = ६३, य = ८ पुरतात. न = ६१ साठी मात्र आधी २९७१८² − ६१ × ३८०५² = −१ मिळते आणि त्यावरून क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८० हे सर्वांत लहान उत्तर निघते.

हेच उत्तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ या ग्रंथात चक्रवाल पद्धतीने दिले आहे. फर्मा यांनी हाच प्रश्न १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला. समीकरणाला पेल यांचे नाव ऑयलर यांच्या गैरसमजातून चिकटले. भारतीय परंपरेतील ‘वर्गप्रकृती’ हे नाव त्याहून कितीतरी जुने आहे. चक्रवाल म्हणजे वरील कृतीच, असे समजणे मात्र चूक ठरेल. तीत प्रत्येक पायरीला जवळचा वर्ग निवडला जातो, त्यामुळे पायऱ्या कमी लागतात. ती वेगळ्या प्रकारच्या परंपरित अपूर्णांकाशी जुळते, हे ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी विसाव्या शतकात दाखवले.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापला होता. चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात या मठाला १२०७ मध्ये दिलेल्या दानाची नोंद आहे.