शॉर्टस्टॉप: बिनबेसच्या गड्याची कुळकथा

जळगाव-धुळ्याकडे शालेय सॉफ्टबॉल किंवा बेसबॉलचे सामने लागले की मैदानाच्या कडेला बघ्यांची चांगली गर्दी होते. मुलांचे काका-मामा असतात, शेजारच्या पटांगणात कबड्डीसाठी आलेले संघ असतात, रस्त्यानं जाता जाता थांबलेले लोक असतात. क्रिकेट अंगात मुरलेलं असल्यानं खेळाचा ढोबळ हिशेब त्यांना लवकर कळतो. एकानं फेकायचं, दुसऱ्यानं मारायचं, मारून पळायचं. फक्कीनं आखलेल्या चौकोनात तीन बेस आणि एक होम. होमच्या मागे कॅचर, तीन बेसना तीन गडी. मग कुणीतरी हमखास विचारतं, "भो, तो दुसऱ्या आन् तिसऱ्याच्या मधला पोऱ्या काय राखतो? त्याच्या वाट्याला तर बेसच नाही!"

प्रश्न बिनतोड आहे. नियमपुस्तकात त्याचं उत्तर शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. पिचरनं कुठून फेकायचं, कॅचरनं कुठे बसायचं, एवढंच नियम बजावून सांगतो. उरलेल्या सात जणांनी फाउल रेषांच्या आत हवं तिथे उभं राहावं, अशीच या खेळाची जुनी रीत. म्हणजे आज आपण ज्या जागा ठरीव समजतो त्या कुणी कागदावर आखून दिल्या नाहीत, खेळता खेळता गरजेतून पडल्या. त्यातली सगळ्यात उशिरा पडलेली जागा शॉर्टस्टॉपची, आणि ती पडली चेंडूच्या वजनामुळे.

1845 मध्ये न्यूयॉर्कमध्ये निकरबॉकर नावाचा क्लब निघाला. कारकून, व्यापारी, डॉक्टर अशी पांढरपेशी मंडळी हडसन नदी ओलांडून पलीकडे होबोकेनच्या मैदानावर संध्याकाळचा व्यायाम म्हणून खेळायला जात. त्यांच्यात डॅनियल ल्युशियस ॲडम्स हे एक डॉक्टर होते. येल आणि हार्वर्डमध्ये शिकलेले, तिशी ओलांडलेले. सगळे त्यांना 'डॉक' म्हणत. त्या वेळी नऊ गड्यांचा दंडक नव्हता, जमतील तेवढ्यांत खेळ व्हायचा. तीन जण आपापला बेस धरून बसायचे आणि बाकीचे लांब मैदानात पांगायचे. मधली पट्टी मोकळीच.

चेंडू विकत मिळत नसत. डॉ. ॲडम्स ते स्वतः बनवायचे. तीन-चार औंस रबराचे तुकडे घ्यायचे, त्यांच्यावर सूत गुंडाळत जायचं आणि वरून कातडं चढवायचं. कातडं नीट बसवायची युक्ती त्यांना एका स्कॉटिश खोगीरवाल्यानं दाखवली. पुढे काही वर्षं ते आपल्याच क्लबाला नाही, तर इतर क्लबांनाही चेंडू पुरवत राहिले. दिवसा रोगी तपासणारा माणूस रात्री सूत गुंडाळत बसतो, यातलं प्रेम मला फार मोलाचं वाटतं. कापसावर जगणाऱ्या आपल्या मुलखाला तर सूत गुंडाळण्यातली मेहनत वेगळी सांगायला नको. आजच्या बेसबॉलच्या पोटातही रबर-बुचाच्या गाभ्याभोवती लोकरीच्या सुताचे वेढे असतात, आणि वरच्या कातड्याला लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके.

पण हातानं बनवलेला तो चेंडू होता हलका. कितीही जोर लावा, 200 फूटही फेकला जाईना. फटका लांब गेला की तिथला गडी चेंडू उचलायचा, पण तो पिचरपर्यंत पोचवायचा कसा? मधे कुणीतरी हवा होता. विहिरीपासून आगीपर्यंत बादल्या हातोहात जाव्यात तसा चेंडू पोचवणारा. 1849-50 च्या सुमारास डॉ. ॲडम्स स्वतःच त्या मोकळ्या पट्टीत उभे राहू लागले. लांबच्या गड्याकडे धावत जायचं, त्याची फेक घ्यायची आणि वळून आत फेकायची. म्हातारपणी, 1896 साली, एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की ती जागा पहिल्यांदा आपणच घेतली असावी. म्हणजे शॉर्टस्टॉप जन्माला आला तो फटके अडवायला नव्हे. लांबच्या फेकी आत आणणारा तो मधला माणूस होता.

बेस राखायचा नसल्यानं त्याला पायात दोरी नव्हती. गरज असेल तिथे तो जायचा. ही मोकळीक त्या जागेच्या रक्तातच राहिली.

1857 मध्ये न्यूयॉर्क परिसरातल्या क्लबांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. ॲडम्सच होते. बेसमधलं अंतर 90 फूट, सामना नऊ डावांचा आणि संघ नऊ गड्यांचा, हे तिथे पक्कं झालं. मधल्या गड्याची जागा त्या नवात कायमची बसली. एव्हाना चेंडू घट्ट गुंडाळले जाऊ लागले होते. ते जास्त उसळायचे आणि दूरही फेकले जायचे. मधल्या मध्यस्थाचं काम कमी झालं. दुसरा एखादा गडी अशा वेळी बाद ठरला असता. हा मात्र सरकत सरकत आत आला.

त्याला आत आणण्याचं श्रेय ब्रुकलिनच्या अटलांटिक क्लबच्या डिकी पिअर्सला देतात. बुटका, गोल अंगाचा हा गडी 1856 पासून खेळत होता. बॅटर कोण आहे, फटका कुठे जायचा संभव आहे, हे ताडून तो जागा बदलायचा. उजव्या हातानं मारणाऱ्याचा जमिनीलगतचा फटका बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून जातो हे त्यानं हेरलं आणि तीच खिंड धरली. त्यानंतर आला जॉर्ज राइट. त्याचे वडील इंग्लंडहून आलेले व्यावसायिक क्रिकेटपटू, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात नोकरीला. दोघे भाऊ क्रिकेटवर वाढलेले. 1869 मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगार देणारा पहिला संघ उभा राहिला, तेव्हा थोरला हॅरी कर्णधार होता आणि सगळ्यात जास्त पगार, 1,400 डॉलर, जॉर्जला होता. शॉर्टस्टॉपला! जॉर्ज बेसच्या रेषेच्या मागे, खोल उभा राहायचा. त्यामुळे चेंडूवर यायला त्याला एक-दोन पावलं जास्त मिळत. तेवढ्या मागून पहिल्या बेसपर्यंत फेकायचं तर हात तगडा हवा, तो त्याच्याकडे होता. आजचे सगळे शॉर्टस्टॉप साधारण त्याच जागी उभे राहतात.

गुणपत्रकात या गड्याचा आकडा 6 का, हाही बघ्यांचा नेहमीचा प्रश्न. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5. मैदानावरच्या क्रमानं मोजलं तर शॉर्टस्टॉपचा आकडा 5 यायला हवा होता. पण बेसवाले तिघे आधी ओळीनं मोजले गेले आणि बिनबेसचा त्यांच्या मागून. त्याच्या जुन्या भटकेपणाची ही खूण. म्हणून शॉर्टस्टॉपनं उचललेला चेंडू दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर जाऊन दोन गडी बाद झाले की गुणलेखक 6-4-3 एवढंच लिहितो.

आता खान्देशातल्या एखाद्या मैदानावर त्याला जवळून पाहू. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर 60 फूट, म्हणजे सव्वाअठरा मीटर. चपळ मुलगी फटका मारून सुमारे तीन सेकंदांत पहिल्या बेसवर पोचते. त्या तीन सेकंदांत शॉर्टनं चेंडूपर्यंत जायचं, वाकायचं, ग्लोव्हमधून चेंडू काढायचा आणि मैदानाच्या पार आडवा फेकायचा. काळ्या मातीत उन्हानं भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे शेवटचा टप्पा कुठे उडेल याचा नेम नसतो. म्हणून चांगला शॉर्ट टप्प्याची वाट बघत नाही, पुढे धावून चेंडू घेतो. ग्लोव्ह आधी जमिनीला टेकवतो आणि चेंडूबरोबर वर आणतो. खालून वर येणं सोपं, वरून खाली जायला वेळ उरत नाही. खो-खो खेळलेली मुलं इथे पटकन रुळतात ती उगाच नव्हे. वाकून धावणं त्यांच्या पायांना ठाऊक असतं. शॉर्टचा ग्लोव्हही लहान असतो. बेसबॉलमध्ये साधारण सव्वाअकरा-साडेअकरा इंची, तर लांबच्या गड्यांचा साडेबाराच्या पुढे. त्यांना पोचायचं असतं, याला चेंडू हातात पटकन सापडायला हवा असतो.

"डावखुरा का नाही उभा करत?" याचं उत्तरही याच तीन सेकंदांत आहे. उजव्या हाताचा शॉर्ट चेंडू घेतो तेव्हा त्याचा डावा खांदा आपसूक पहिल्या बेसकडे येतो. पाऊल टाकलं की फेक निघाली. डावखुऱ्याला त्याच जागेवरून आधी अंग फिरवावं लागतं, आणि त्या गिरकीत धावणारा पोचून जातो. तोच डावखुरा पहिल्या बेसवर मात्र सोन्यासारखा. तिथून उरलेल्या बेसकडे फेकताना त्याला वळावं लागत नाही. मुलाच्या हातात दोष नाही, जागेची दिशाच तशी आहे, हे प्रशिक्षकानं मुलाला समजावून सांगायला हवं. नाहीतर पोर हिरमुसतं.

आपल्याकडे या जागेला खरा खेळाडू मिळतो तो शाळेतूनच. भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना 1961 पासून आहे, बेसबॉलची 1983 पासून. आपल्या भागात दोन्ही खेळ टिकले ते जिल्हा, नाशिक विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या पायऱ्यांमुळे. दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण यांचाही त्यात वाटा आहे. पालक आधी त्यासाठी मैदानावर पाठवतात, मग मुलांना खेळच लागतो. त्यात वाईट काही नाही.

डॉ. ॲडम्सनी केलेलं मूळ काम आजही संपलेलं नाही. डाव्या बाजूला फटका खोल जाऊन चेंडू कुंपणाकडे घरंगळला की शॉर्टकडे बघावं. तो होमकडे पाठ फिरवून बाहेर धावतो, लांबचा गडी आणि बेस यांच्या सरळ रेषेत थांबतो आणि दोन्ही हात डोक्यावर उंचावतो. फेक त्याच्याकडे येते, तो गर्रकन वळतो आणि होमवर किंवा तिसऱ्यावर फेकतो. चेंडू आता दोनशे फुटांच्या कितीतरी पुढे जातो, तरी एका लांब कमानी फेकीपेक्षा दोन सपाट फेकी लवकर आणि नेमक्या पोचतात. प्रशिक्षक याला 'कट-ऑफ' म्हणतात. सरावात सगळ्यात जास्त कंटाळा याच गोष्टीचा केला जातो आणि सामने यावरच जातात, असं माझं ठाम मत आहे.

भटकण्याच्या त्या मोकळिकीवर पहिला मोठा लगाम अमेरिकेत अलीकडे आला. त्यामागची गोष्ट मात्र जुनी आहे. 1946 मध्ये क्लीव्हलँडचा शॉर्टस्टॉप आणि व्यवस्थापक लू बुड्रो यानं टेड विल्यम्स या डावखुऱ्या बॅटरविरुद्ध जवळजवळ सगळे गडी उजव्या अंगाला नेले. स्वतः तो दुसऱ्या बेसच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. पुढे संगणकावर प्रत्येक फटक्याची नोंद होऊ लागली तसा हा डाव रोजचा झाला आणि जमिनीलगतचे चांगले फटके वाया जाऊ लागले. अखेर 2023 पासून मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च साखळीनं नियम केला: चेंडू फेकला जाताना दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना आतले दोन-दोन गडी हवेत, आणि त्या चौघांचे पाय आतल्या मैदानाच्या हद्दीतच हवेत. मला हा नियम पटत नाही. चतुर बॅटरनं मोकळ्या जागेत मारायला शिकावं, हे उत्तर खेळातच होतं.

ज्या माणसानं ही जागा शोधली त्याचं नाव मात्र अमेरिकेतही फार थोड्यांना ठाऊक आहे. 1857 च्या परिषदेसाठीचे नियमांचे हस्तलिखित कागद 2016 मध्ये लिलावात 32 लाख डॉलरच्या वर गेले. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर 2015 मध्ये, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या समितीत डॉ. ॲडम्सच्या नावावर मतदान झालं होतं. सोळापैकी बारा मतं हवी होती, मिळाली दहा.