हस्ताचा हत्ती आणि दारातली खिरापत

ऑक्टोबर सरत आला की पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत काळे झगे घातलेली, हातात खाऊची टोपली धरलेली चिमुकली मंडळी दारोदार फिरू लागतात. मागोमाग हॅलोविनवरचा ठरलेला वादही येतो: कोणी म्हणतो हे परकीय थेर, कोणी म्हणतो मुलांची मौज आहे, असू द्या. आजच्या धाग्यात त्या वादाला बगल देऊन वेगळेच विचारायचे आहे. लहान मुलाचे बोट धरून संध्याकाळी शेजाऱ्यांच्या दारी जाणे, तिथे काही म्हणणे आणि खाऊ घेऊन परतणे, ही रीत बारामती-इंदापूरच्या मुलखात कोणत्या रूपात होती?

आधी हॅलोविनविषयी थोडे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मुले वेषांतर करून दारोदार जात, तेव्हा खाऊ फुकट मिळत नसे. गाणे किंवा चुटका सादर करावा लागे. ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ हा धमकीवजा पुकारा पुढे उत्तर अमेरिकेत रुळला आणि त्याच्या सर्वांत जुन्या नोंदी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कॅनडातल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचे रेशनिंग आले आणि ही प्रथा मंदावली. १९४७ मध्ये ते उठल्यावर ती घरोघर पसरली. साखरेचा हा धागा ध्यानात ठेवावा, कारण आपल्याला पुढे साखरेच्याच मुलखात जायचे आहे.

आपल्याकडे हॅलोविनच्या अगदी जवळचा खेळ म्हणजे हादगा. पुणेकर त्याला भोंडला म्हणतात, विदर्भात त्याची बहीण भुलाबाई. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरच्या सुमारास, की हादगा बसे. कुठे तो सोळा दिवस चाले, कुठे नवरात्रापुरता. पाटावर हत्ती रेखायचा किंवा समोरासमोरच्या दोन हत्तींचे चित्र भिंतीला लावायचे, फळाफुलांच्या माळा घालायच्या आणि फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असा चढता क्रम. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या.

हादग्याची खरी गंमत खिरापतीत आहे. डबा झाकलेला असतो. घरातली बाई तो हलवून आवाज ऐकवते आणि मुली ‘गोड की तिखट?’ असे विचारत ओळखू लागतात. ओळखल्याखेरीज झाकण उघडत नाही. मोठ्या बहिणीच्या परकराला धरून आलेली तीन-चार वर्षांची पोर या खेळातली सर्वांत धोक्याची व्यक्ती, कारण आपल्या घरची खिरापत ती हमखास फोडते. पाश्चात्त्य दारात मूल यजमानाला कोड्यात टाकते, इथे यजमानीण मुलांना. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मग खोडी कुठे गेली? ती शिमग्याकडे. होळीसाठी लाकडे-गोवऱ्या मागत पोरे दारोदार फिरत आणि जो देणार नाही त्याच्या परसातून ती रात्री नाहीशी होत. हॅलोविनच्या कोरीव भोपळ्यातल्या दिव्याचा भाऊबंद शोधायचा तर दिवाळीत गाई-म्हशी ओवाळायला दिवटी घेऊन घरोघर जाणारी गुराखी मुले आठवावीत; घरधनी त्यांच्या दिवटीत तेल घाली.

पण हत्तीच का? हस्त म्हणजे खरे तर हात. लोकांनी नावाच्या जवळिकीने त्याचा हत्ती केला आणि त्या नक्षत्राचा पाऊस हत्तीच्या सोंडेने पडू लागला. ही कल्पना कोकणात शोभेची ठरेल. बारामती-इंदापुरात ती पोटाची होती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः परतीचा. हस्त बरसला तर रब्बीची ज्वारी, नाहीतर काही नाही. इंग्रजांच्या पहिल्या जमीनमोजणीतला जबर सारा न सोसून इंदापूरचे रयत जमिनी टाकून निघून गेले आणि १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांना फेरमोजणी इथूनच सुरू करावी लागली. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. अशा मुलखात सप्टेंबरअखेर मुली हत्तीभोवती फेर धरत. त्या फेराबाहेर उभी असलेली आई एक डोळा आभाळाकडे लावून असणार, असे मी म्हटले तर ती निव्वळ कविकल्पना ठरू नये.

दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले. पुरंदर, बारामती, इंदापूर अशी त्याची वाट. कालव्यामागून ऊस, उसामागून १९३० च्या दशकात वालचंदनगर, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे सहकारी कारखाने. ज्याच्या शेताला पाटाचे पाणी मिळाले, त्याच्यापुरता भिंतीवरचा हत्ती केवळ चित्र उरला. ज्याला मिळाले नाही, त्याच्यासाठी तो अजून पाऊसच आहे. बारामतीचा विकास सांगताना कालव्याखालचा पट्टा दाखवला जातो. सुप्याकडचा जिरायती भाग त्याच तालुक्यात आहे, हे सहसा राहून जाते.

हादगा आटोपतो, दसरा होतो आणि दिवाळीच्या आगेमागे या कारखान्यांच्या परिसरात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबे येऊ लागतात. त्यांच्यासोबत लहान मुले असतात, कित्येक तर अंगावर पिणारी. शहरात मुले मुखवटे चढवतात तो हाच पंधरवडा. उसाच्या पाचटाची कोपी उभी राहते. तिला दार म्हणजे पोत्याचा पडदा. काही ठिकाणी या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, काही मुले फडातच बांधावर बसून राहतात. ती गावात आली तेव्हा हत्तीचे चित्र भिंतीवरून उतरलेले असते, आणि हंगाम संपवून ती परततात त्याला उन्हाळा लागलेला असतो. त्यामुळे ज्या मुलखाची साखर त्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसातून निघते, तिथली खिरापत ओळखण्याची पाळी या मुलांवर सहसा येत नाही.