स्वतःची तबकडी



मँचेस्टर म्हटले की आपल्याला कापड आठवते. आपल्या विणकरांच्या पोटावर ज्याने पाय दिला, ते हे शहर. पण त्याच शहराला आणखी एक इतिहास आहे. तो गिरणीमालकांचा नसून गाणाऱ्या पोरांचा आहे. आज आम्हांस तो सांगावयाचा आहे.

तबकडीच्या धंद्याची रीत फार जुनी. गळा गायकाचा, यंत्र, कारखाना आणि दुकान कंपनीचे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या मात्र छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. ज्याच्या हाती साधन नाही त्याला दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते, हे कामगाराला निराळे सांगावयास नको.

१९७६ च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या चार तरुणांच्या संचाने ही रीत मोडली. स्नेह्यांकडून व एकाच्या वडिलांकडून ५०० पौंड उसने घेऊन त्यांनी चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली. प्रती १,०००. त्या भराभर खपल्या. पुढे खप सुमारे १६,००० पर्यंत गेला. १९७८ साली लंडनच्या ‘स्क्रिटी पोलिटी’ने तर वेष्टनावर तबकडीच्या खर्चाचा तपशीलच छापला.

आम्हांला त्या तपशिलाचे मोल विशेष वाटते. संघटनेत नवा कामगार आला की आम्ही त्याला आधी पगाराची पावती वाचावयास शिकवितो. ज्याला हिशेब कळला, त्याला ‘हे तुझ्या आवाक्यातले नव्हे’ असे सांगून गप्प बसविता येत नाही.

परंतु माल तयार झाला म्हणजे विकला गेला, असे नव्हे. शेतकऱ्यालाच विचारा! पीक त्याचे, बाजार अडत्याचा. ही अडचण ओळखून लंडनचे ‘रफ ट्रेड’ आणि ब्रिस्टल, यॉर्क, लिव्हरपूल येथील वितरक यांनी ‘कार्टेल’ नावाची साखळी उभारली. लहानांच्या तबकड्या तिने देशभर पोचविल्या. पण १९९१ साली ‘रफ ट्रेड’चा वितरणाचा व्यवसाय कोसळला व अनेक लहानांचे पैसे अडकले. स्वतः बझकॉक्सनी १९७७ सालीच मोठ्या कंपनीशी करार केला होता. त्यांना आम्ही फितूर म्हणणार नाही. पोट सर्वांनाच असते.

आज घरच्या संगणकावर गाणे मुद्रित होते आणि क्षणात जगभर जाते. तथापि ते ज्या पेढीवरून ऐकले जाते, तिची मालकी आणि पैसे वाटण्याचा नियम गायकाच्या हाती नाही. तरुणपणी आम्ही सभांतून ‘साधने आमच्या हाती द्या’ एवढेच म्हणत असू. ते अपुरे होते. साधनाबरोबर बाजारही हाती लागतो, आणि बाजार एकट्याच्या बळावर हाती राहत नाही. त्या पोरांनी पहिले पाऊल टाकले. दुसरे अजून टाकावयाचे आहे.