प्रकाशे येथील आद्य शेतकरी आणि नांगर

कृषिसंग्रहालयात मांडलेला नांगर, मोट, जाते पाहून प्राचीन ग्रामजीवन अनुभवल्याचे समाधान प्रेक्षकास लाभते. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (जि. नंदुरबार) येथील पुरावा मात्र या समाधानास बाध आणणारा आहे. १९५५ साली बी. के. थापर यांनी तेथील पांढरीचे उत्खनन केले. तळाच्या, इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकातील ताम्रपाषाणयुगीन थरांत चित्रित खापरे व दगडाची बारीक पाती मिळाली, तांबे अल्पच. लोखंड आढळते ते त्यानंतरच्या कालखंडात. तेव्हा या आद्य वसाहतीच्या देखाव्यात लोखंडी फाळाचा नांगर ठेवणे हा कालविपर्यासच होय. लाकडी अवजार होते असे मानले, तरी लाकूड मातीत टिकत नाही.

वस्तू नष्ट होते तेथे शब्द काही अंशी साक्ष देतो. ‘नांगर’ हा संस्कृत ‘लाङ्गल’ पासून आला. तो शब्द ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात आहे. परंतु त्याचे मूळ आर्य भाषांत नसून ऑस्ट्रो-आशियाई भाषांत असावे, असे प्शिलुस्की प्रभृती विद्वानांचे मत आहे. अर्थात, प्रकाशेकर कोणती भाषा बोलत हे यावरून ठरत नाही. असा मोह अभ्यासकाने टाळावा.

तथापि रुमणे, जू, चाडे ही नावे, आणि त्यांचे अहिराणी व भिली पर्याय, अवजारासोबतच नोंदविले पाहिजेत. ट्रॅक्टर आल्यावर अवजार निदान माळ्यावर तरी पडून राहते. त्याच्या अवयवांची नावे उच्चारणारा वृद्ध मात्र राहत नाही.